अडतीस मिनिटं

नुरझात मागच्या बाकावर बसली होती,
गुडघे फळीला टेकलेले, हातात पेन्सिल,
मांडीवर मोबाइलमधलं घड्याळ.
याच वर्गात मी तिला कधीकाळी
अर्धा तास उभं केलं होतं,
एक इवलासा 'द' गाळला म्हणून.
आता ती नवं शिकून आली आहे:
एकमेकींचे तास बघायचे,
नोंदी करायच्या, निवाडा द्यायचा नाही.

तास संपला. शेगडीतला कोळसा विझत आला होता.
तिनं कागद पुढे केला, नजर खाली ठेवून.
चाळीसपैकी अडतीस मिनिटं तुमची, एजे.
दोन मुलांची.
त्या दोनांतही बहुतेक 'येस, टीचर'.

राग आला. का नाही येणार?
मी मुळात जर्मन शिकवायची.
मग देश बदलला, शिक्के बदलले,
आणि एका सप्टेंबरात मुख्याध्यापक म्हणाले,
बुरुलकान, सोमवारपासून इंग्रजी.
रात्री शिकायची, सकाळी शिकवायची,
मुलांच्या फक्त एक धडा पुढे.
बर्फात पुढच्याच्या पावलात पाऊल टाकावं तसं;
पण माझ्यापुढे कुणी चाललेलंच नव्हतं.
बोलायची थांबले तर कळेल
मला किती येतं ते.
तिथेच माझं घोडं पेंड खात होतं
एकतीस वर्षं.

प्रशिक्षणं झाली की. कपाटात सतरा प्रमाणपत्रं आहेत.
नारिनला जायचं, खिंडीत उतरून
चाकांना साखळ्या बांधायच्या,
सभागृहात ओव्हरकोट न काढता बसायचं.
पडद्यावर बाण, वर्तुळं, पुन्हा बाण.
चहा. सही. शिक्का.
आणि परत येऊन तीच अडतीस मिनिटं,
जी कुणी मोजलीच नव्हती.

पुढच्या गुरुवारी फळ्यावर लिहिलं, काल काय झालं?
आणि बसले.

शांतता एवढी लांब असते
हे सतरातल्या एकाही कागदावर नव्हतं.
शेगडी तडतडली. कुणीतरी नाक ओढलं.
मागे पेन्सिल हलेना.

मग सामात उठला, खिडकीजवळचा,
ज्याच्या वहीत त्याच्या निळ्या शाईपेक्षा
माझी लाल जास्त.
ओढ्यातून दगड उचलावेत तसा
एकेक इंग्रजी शब्द उचलत म्हणाला,
काल माझी घोडी मरते.

माझा हात वर गेला, सवयीनं.
मरते नाही रे, मेली. काल म्हणालास ना, काल...
घशापर्यंत आलं होतं.
मग त्याच्याकडे पाहिलं.
त्याच्यापुरती ती अजून मरतच होती,
गोठ्यात, एका कुशीवर, वाफ सोडत.
कुठल्या काळात बसवणार होते मी तिला?

हात खाली घेतला.

पहिल्या बाकावरून आयझिरेक वळली.
'रंग काय?' इंग्रजीतच, क्रियापद न लावता.
'तपकिरी. पाय पांढरा एक.'
'आणि तिचं...' ती अडली.
'एजे, शिंगराला इंग्रजीत काय म्हणतात?'

आठवलं नाही. नव्हतंच आठवायला काही.
'मला माहीत नाही,' मी म्हणाले.

छत कोसळलं नाही.
उलट सहा-सात डोकी
पुठ्ठा गेलेल्या त्या जुन्या शब्दकोशावर वाकली,
बोटं ओळींवरून धावली,
आणि शब्द सापडला तो सामातलाच.
त्यानं तो तीनदा म्हटला.
शिंगरू जगलंय, एजे. बाटलीनं दूध पितं.

नुरझातनं या वेळी किती मिनिटं लिहिली
ते मी विचारलं नाही.
पुढच्या आठवड्यात मी तिच्या मागच्या बाकावर बसणार आहे.
फार भरभर बोलते ती; माझ्याकडूनच उचललंय.

सोमवारी भूतकाळ घ्यायचा आहे.
आधी सामातला विचारीन,
आता घेऊ का म्हणून.